कोयरीच्या झाकणाखाली

मित्रांनो, काचेतून सगळे बघतात, काचेकडे फारसं कोणी बघत नाही. म्हणून आधी माझी ओळख सांगते. मी एक काचेची पेटी आहे. दीड हात लांब, एक हात उंच, आणि आता बरीच जुनी. माझा एक कोपरा तडकलेला आहे. त्याच कोपऱ्यात नीट पाहिलंत तर काचा जोडणाऱ्या वाळलेल्या लांबीत एका अंगठ्याचा ठसा दिसेल. तो हिलाल आबांचा. मला त्यांनी बनवलं.

त्याआधी मी सुरतेतल्या साड्यांच्या एका दुकानाची दर्शनी काच होते. एके दिवशी दुकानाचं शटर जोरात पडलं आणि मी फुटले. दुकानात माल पोचवायला आलेल्या आबांनी माझे मोठे तुकडे मागून घेतले, सायकलला बांधले आणि नवागामच्या आपल्या खोलीवर नेले. आबा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. त्यांची नखं कधी निळी, कधी किरमिजी असायची. त्यांनी तुकडे कापून आणले, कडा घासल्या आणि लांबी भरून मला उभं केलं. माझं झाकण म्हणजे छपाईखात्यातून टाकून दिलेली एक चौकट होती. तिच्या जाळीवर कोयऱ्यांची नक्षी अजून शाबूत होती. खिडकीतून ऊन आलं की माझ्या पोटात वाळूवर कोयऱ्या उमटायच्या. एवढं सुंदर मी साड्यांच्या दुकानातही नव्हते.

हे सगळं एका पालीसाठी.

झालं असं की १९९१ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आबा खानदेशातल्या पारोळ्याजवळच्या आपल्या गावी गेले होते. बांधाचे दगड हलवताना एक पाल निघाली. भिंतीवर फिरते तशी नव्हे. ही जमिनीवर राहणारी, अंगावर पिवळे-काळे ठिपके, शेपूट वांग्यासारखं फुगीर. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. हिला होत्या, आणि ती चक्क डोळे मिचकवत होती. ती विषारी असते असं समजून लोक काठ्या घेऊन धावले. खरं तर तिला विष नसतं. आबांनी जेवणाचा डबा रिकामा केला, तिला आत घातलं आणि झाकणाला भोकं पाडून रेल्वेने सुरतेला आणलं.

"लोके राघू पाळतस, अन् हाऊ मानूस पाल पाळस!" उषाबाई, म्हणजे आबांची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली.

"मारी टाकत व्हतात उगाच," आबा म्हणाले. "काय करस ती कोनले?"

त्यांची मुलगी नूतन तेव्हा दहा वर्षांची होती. तिने माझ्या काचेला नाक लावलं आणि लगेच नाव ठेवलं, ठिपक्या. तो नर आहे की मादी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो नरच असं तिने ठरवलं आणि पुढे तेच खरं निघालं.

मित्रांनो, माझे चांगले दिवस ते होते. नूतन शाळेतून आली की दप्तर टाकून खाडीच्या कडेला रातकिडे आणि नाकतोडे शोधत फिरायची. ठिपक्या आधी मान वाकडी करून किड्याकडे बघायचा, मग शेपटाचं टोक थरथरवायचा आणि झडप घालायचा. संध्याकाळी दगडाखालून बाहेर येऊन तो माझ्या काचेशी थांबायचा. मी त्याच्या पोटाचा मऊपणा ओळखत असे.

त्या खोलीत आई, बाप, लेक एवढेच नव्हते. गावाहून कुणी कामाला आलं की आधी आबांकडे उतरायचं. परक्या मुलखात आपल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा आबांचा नियम होता. त्या वर्षी ओट्यावर वाल्मिक आणि भिकन झोपत. दोघेही लूमवर कामाला, दोघेही पंचविशीच्या आतले. वाल्मिक येता-जाता नूतनला छेडायचा.

"नूतन, तुना ठिपक्याना ताटमां आज काय शे?"

"रातकिडा."

"मंग माले बी वाढ. तुनी मायनी भाजीपेक्षा बरा लागी!"

आतून उषाबाईचं लाटणं वाजायचं.

एकदा हिवाळ्यात वाल्मिक आणि भिकनचं बादलीवरून जुंपलं.

"मनी बादलीमाईन पानी कोनी लिधं?" भिकन ओरडला.

"मी लिधं. बादलीवर काय तुनं नाव कोरेल शे?"

"कोरेल शे! देख!"

आणि खरंच कोरलेलं होतं. वाल्मिकचा चेहरा पडला, तेवढ्यावर भिकन हसला, आणि ते हसणं वाल्मिकला झोंबलं. दोघांनी एकमेकांची गळपट्टी धरली. आबा उठले. त्यांनी एकच ताट घेतलं, त्यात भरीत-भाकर वाढली आणि दोघांना समोरासमोर बसवलं. "बसा. ताट एकच शे." हा त्यांच्या खोलीचा रिवाज होता. भांडलेली माणसं एका ताटात जेवायची. पहिले चार घास दोघांनी मान खाली घालून खाल्ले. शेवटच्या तुकड्यापाशी दोन हात एकदम गेले आणि दोघेही थांबले. मग भिकनने तो तुकडा मोडून अर्धा पुढे सरकवला. आबा माझ्याशेजारी बसून हे बघत होते. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मला नीट आठवतं. पुढे जे झालं, त्याचं मूळही त्या समाधानातच आहे.

पुढच्या आखाजीला वाल्मिक गावी गेला आणि येताना पिशवीतून एक मडकं घेऊन आला. मडक्यात दुसरी ठिपक्यांची पाल होती, ठिपक्याहून दोन बोटं मोठी.

"आबा, ठिपक्याले जोडीदार लई ऊनू. आपलाच गावना शे."

आबा खूश झाले. "आपला गावना शे ना? मंग एकला कसा ऱ्हाई?" असं म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि त्याला आत सोडलं. उषाबाईने त्याचं नाव पाव्हणा ठेवलं.

पहिल्या दिवशी दोघे दोन टोकांना बसून होते. दुसऱ्या दिवशी पाव्हणा चारी पायांवर उंच उभा राहिला, पाठ कमानीसारखी केली आणि शेपूट हळूहळू हलवू लागला. सगळ्यांना वाटलं, तो ओळख करून घेतोय. ती धमकी होती हे मला समजलं होतं, कारण ठिपक्या माझ्या काचेला चिकटून आकसला होता. पण मी काच. दाखवते सगळं, सांगता काहीच येत नाही.

रात्रपाळी करून आबा सकाळी घरी आले तेव्हा माझ्या आत एक शेपूट वेगळं पडलेलं होतं. माझ्या भिंतीवर रक्ताच्या रेघा होत्या. ठिपक्याचा डावा पुढचा पाय चावलेला, मानेवरची कातडी उचकटलेली. आबांनी नूतनला हाक मारली नाही. ती आपणच उठली आणि बघून तशीच उभी राहिली.

मिलमध्ये कुणाला कापलं की हळद लावतात. आबांनी खोबरेल तेलात हळद कालवली आणि बोटाने जखमांवर लावली. त्या हातांत माया होती. पण ठिपक्या वाळूत पडून होता. तेलाला वाळू चिकटली, वाळूवर हळद बसली, आणि दुसऱ्या दिवशी जखम सुजून काळपट दिसू लागली. हळद लावणारा माणूस प्रेमाने इजा करत होता आणि ती इजा मी जवळून बघत होते.

तेव्हा पुढे आली उषाबाई. वर्षभर जिने मला फडक्याशिवाय हात लावला नव्हता, तिने पदर हातावर घेतला. "दे आठे," ती म्हणाली. ठिपक्याला पदरात धरून कोमट पाण्याच्या बोळ्याने तिने एकेक वाळूचा कण काढला.  तिला भीती वाटत होती, पण थांबली नाही.

मग आबा नूतनला सायकलवर बसवून ढोरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे मी नव्हते. पण परत आल्यावर नूतनने वाल्मिकपुढे डॉक्टरांची नक्कल केली, ती मी ऐकली. गुजरातीत पालीला गरोळी म्हणतात.

"डॉक्टरनी डबा उघडा," ती म्हणाली, "अन् दोन पाऊल मांगे सरकना. म्हने, 'भाई, आ तो गरोळी छे! हुं ढोरनो डॉक्टर छुं!' तठे बठेल एक मानूस म्हने, 'साहेब, दूध केटलुं आपे छे, ए तो पूछो!'"

वाल्मिक ओट्यावर लोळून हसला. पण नूतन हसत नव्हती. कारण तो डॉक्टर चांगला होता. चेष्टा संपल्यावर त्याने चष्मा लावून ठिपक्याला नीट पाहिलं होतं आणि नूतनला गुजराती कळतं म्हणून सगळं तिलाच सांगितलं होतं. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं होतं. हळद नको, तेल नको. वाळू काढून टाका, कागद अंथरा, रोज बदला. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवा. आयोडीनमध्ये पाणी घाला, फिक्क्या चहाच्या रंगाइतकं, आणि दिवसातून एकदा कापसाने लावा. पायाला गाठ, पू दिसला तर परत आणा. किडे लहान द्या. शेपूट येईल, पण पहिल्यासारखं दिसणार नाही. आणि शेवटची ओळ तिने दोनदा गिरवली होती. दोन्ही नर आहेत, पुन्हा कधीही एकत्र ठेवायचे नाहीत.

त्या वेळेपासून पाच आठवडे या घरात एका पालीची शुश्रूषा चालली. आबा माझ्याशेजारी उजेडात वाटी धरून बसायचे आणि आयोडीनमध्ये थेंब थेंब पाणी घालायचे. "हाऊ रंग माले समजस," म्हणायचे. हजारो मीटर कापडाची छटा डोळ्यांनी जुळवणारा माणूस, त्याची वाटी एकदाही गडद झाली नाही, एकदाही फिकी झाली नाही. माझ्या तळाशी गुजराती वर्तमानपत्र अंथरलेलं असे. उषाबाई रोज सकाळी ते बदलायची. पहिले सहा दिवस ठिपक्याने काही खाल्लं नाही. सातव्या दिवशी नूतनने चिमट्यात छोटा रातकिडा धरला, आणि त्याने मान वाकडी केली. मान वाकडी केली एवढ्याचीच बातमी ओट्यापर्यंत गेली. हळूहळू पायावर खपली धरली. शेपटाच्या जागी गाजराच्या टोकासारखा गुळगुळीत कोंब आला. तो कोंब ठिपक्यांशिवाय, साधा राखाडी होता.

आणि पाव्हणा? तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. दुसरी काच मिळाली नव्हती. तो दिवसभर पत्रा खरवडायचा. पाच आठवडे ती खरखर आबांच्या कानावर पडत होती. रात्रपाळी करून ते झोपायला टेकत आणि डोळे उघडे ठेवून पडत.

"डबामां कोंडेल शे बिचारा," ते एका रविवारी म्हणाले. "तो काय चोर शे?"

"आबा, डॉक्टरनी नही म्हनेल शे," नूतन म्हणाली. तिने वही आणून दाखवली.

"तो डॉक्टर ढोरेस्ना शे. आते दोन्ही बरा व्हयनात. भिकन-वाल्मिक बी असाच भांडनात. एक ताटमां जेवनात, अन् मिटनं ना?"

नूतन वही धरून उभी राहिली. वडिलांपुढे यापेक्षा जास्त बोलायची तिला सवय नव्हती. बोलली असती तरी काय म्हणाली असती? आबांचा सगळा अनुभव त्यांच्या बाजूचा होता.

त्यांनी एका डबीचं झाकण घेतलं, त्यात सहा-सात रातकिडे पाय मोडून ठेवले आणि ते माझ्या मधोमध ठेवलं. ते ताट. मग पाव्हण्याला आत सोडलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. वाल्मिक, भिकन, उषाबाई, सगळे वाकून बघत होते. पाव्हणा आला, त्याने एक किडा उचलला. ठिपक्या थोडा थांबला, पुढे आला, त्यानेही एक उचलला. कोयऱ्यांच्या उजेडात दोघे एका ताटात जेवत होते.

"देखं का?" आबा म्हणाले.  मग ते कामावर गेले.

किडे संपले. ताटही तिथेच संपलं. रात्री काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की मला चार भिंती होत्या आणि त्यांतली एकही मला दूर करता आली नाही. ठिपक्या जिथे जिथे पळाला तिथे मीच आडवी आले.

सकाळी आबांनी पाहिलं आणि ते खालीच बसले. ठिपक्या अजून जिवंत होता. पुन्हा कोमट पाणी झालं, पुन्हा वाटीत तोच फिक्का रंग झाला.  तीन दिवस ठिपक्या कागदावर पडून होता, पापण्या अर्ध्या मिटून. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. चौथ्या दिवशी नूतनने चिमट्यात रातकिडा धरला आणि खूप वेळ धरून ठेवला. शेवटी उषाबाईने तो चिमटा तिच्या हातातून काढून घेतला.

ठिपक्या गेल्यावर पाव्हण्याला माझ्यात एकट्याला ठेवलं. नूतन त्याला किडे देईना. आबा स्वतः खाडीवर जाऊन किडे आणू लागले.

"त्यानी काय चूक शे?" ते एकदा तिला म्हणाले. "चूक मनी शे."

दिवाळीला त्यांनी त्याला गावी नेलं आणि ठिपक्या सापडला होता त्याच बांधाच्या दगडांत सोडलं. डबा रिकामा परत आला. खोलीत पुढेही माणसं आली, भांडणंही झाली. पण आबांनी पुन्हा कुणाला एका ताटात बसवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, आता तुम्हीच मिटवा.

मी माळ्यावर गेले. सहा वर्षं माझ्यावर धूळ बसत होती. मित्रांनो, त्या वर्षांची माझी तक्रार नाही. रिकामी असताना मी कुणाला दुखवत तरी नव्हते.

१९९८ च्या दिवाळीनंतर मला खाली काढलं. आबा खोकत होते. खूप दिवस खोकत होते म्हणे, मिलच्या वाफेमुळे होतं असं समजून अंगावर काढलं होतं. तो क्षय निघाला आणि तो बराच पुढे गेलेला होता. दवाखान्यातून सांगितलं, काही महिने यांचं अंथरूण वेगळं, पेला वेगळा, ताट वेगळं.

उषाबाई रडू लागली. "घरना मानूसले येगळं ताट? लोके काय म्हनतीन?"

"ठेव येगळं," आबा म्हणाले. "एक डॉक्टरनं मी आयकं नही. ह्यानं आयकसू."

त्यांचं ताट, पेला आणि गोळ्यांची पाकिटं धूळ लागू नये म्हणून माझ्यात ठेवली गेली, कोयरीच्या झाकणाखाली. मी त्यांच्या अंथरुणाशेजारी होते. मधे एक जुनी साडी पडद्यासारखी टांगली होती. नूतन तेव्हा सतरा वर्षांची होती. ती गोळ्या मोजून द्यायची, तोंडावर रुमाल बांधून त्यांचं अंग पुसायची. ताट गरम पाण्याने धुऊन माझ्यात ठेवायची. आबांनी एकदाही तिला जवळ बस म्हटलं नाही. मला मात्र दिसायचं, जेवताना ते घास हातात घेऊन पडद्याकडे बघत थांबायचे. आयुष्यात हा माणूस एकटा जेवला नव्हता.

एक दिवस नूतनने आपलं ताट आणलं आणि पडद्याच्या पलीकडे, उघड्या दाराशी बसली. पडदा तिने सरकवला नाही. नुसती बसली. भाकरी मोडल्याचा आवाज झाला.

आबांनी विचारलं, "काय शे आज?"

"भरीत."

"माले बी भरीतच शे," आबा म्हणाले आणि जेवू लागले.

त्यानंतर रोज, दोन्ही वेळा. दोन ताटं, मधे साडी. कधी तिखट जास्त झाल्याची तक्रार, कधी वाल्मिकच्या लग्नाची गोष्ट, कधी काहीच नाही. एकदा आबा म्हणाले, "तू वही लई उनी व्हती. माले आयकाले जोयजे व्हतं."  नूतन त्या दिवशी दुसरी भाकरी घेऊन बसली. जेवण उरकायची घाई केली नाही.

जानेवारीत एका सकाळी आबांचं ताट माझ्यात तसंच राहिलं.

आता १९९९ चा पावसाळा सरतो आहे. गेल्या आठवड्यात नूतनने मला धुतलं. चारही काचा आतून-बाहेरून पुसल्या. लांबीतल्या ठशापाशी तिचा हात आला तेव्हा तिने फडकं बाजूला ठेवलं आणि आपला अंगठा त्या ठशात टेकवून पाहिला. तिचा अंगठा लहान आहे. मग तिने आबांचं ताट उकळत्या पाण्याने पुन्हा एकदा धुतलं. ते मोडीत द्यायला उषाबाईने बाजूला काढलं होतं. नूतनने ते परत माझ्यात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला मागायला आलं, तर नूतन देईल. तिने तसं म्हटलं आहे. पण नेण्याआधी माझं एवढं ऐका. रानातला जीव रानातच राहू द्या. दुखावलेला, अडकलेला एखादा घरी आणावाच लागला, तर बरा होईपर्यंत त्याला एकट्याला ठेवा. दुसरा आला तर त्याला दुसरं घर करा, ते मिळेपर्यंत वाट बघा. पत्र्याची खरखर सहन होत नसेल तर काच शोधा, पण भिंत काढू नका. जखम झाली तर घरात जे आहे ते लावू नका, ज्याला कळतं त्याला विचारा आणि त्याने सांगितलेलं पुरतं ऐका, शेवटच्या ओळीसकट. मला बोलता येत नव्हतं. वहीतली ती ओळ बोलत होती.

आणि वेगळं ठेवलंत, तर नुसतं ठेवून निघून जाऊ नका. आपलं ताट घेऊन या. पलीकडे बसा. मी मधे असेन.